मिरचीचा ठसका आणि पाव्हण्यांची दिष्ट

“ठसका आला न्हाई बघ. लई जबर दिष्ट हुती.”

आजीचं हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की आजही मिरची जळल्याचा वास आला की तासगावच्या घरातली चूल डोळ्यांपुढं उभी राहते. मुठीत खडेमीठ, मोहऱ्या आणि देठासकट वाळक्या मिरच्या. बाळावरून तीनदा उतरायच्या, ‘आल्यागेल्याची, पाव्हण्यारावळ्याची, कुत्र्यामांजराची’ असं पुटपुटायचं आणि मूठ चुलीत टाकायची. मीठ तडतडायचं, मोहऱ्या उडायच्या आणि सगळे ठसक्याची वाट बघायचे. आला तर दिष्ट नव्हती, नाही आला तर होती.

मी आता सांगलीत शाळेत विज्ञान शिकवते. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मिरची जाळली तर ठसका यायलाच पाहिजे ना? मग दिष्टीच्या वेळीच का येत नाही?” प्रश्न इतका रास्त होता की आम्ही शाळेमागच्या अंगणात शेगडी पेटवली. धुमसत्या निखाऱ्यावर लवंगी मिरची टाकली आणि अख्खा वर्ग खोकत पांगला. तसलीच दुसरी मिरची काटक्यांच्या भडकत्या जाळात टाकली. ती भुर्रकन पेटली, धूर ज्वाळेबरोबर सरळ वर गेला आणि कुणाला फारसं काही झालं नाही. मग निखाऱ्यावर ब्याडगी टाकून पाहिली. ही मिरची रंगाला झकास पण तिखटाला मवाळ, त्यामुळं ठसका आला तो नावापुरता.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्याचा असतो. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-1 नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, जो अंग भाजलं की मेंदूला खबर देतो. कॅप्सायसिन त्यालाच जाऊन चिकटतं, म्हणून मिरचीनं तोंड ‘भाजतं’ आणि श्वासनलिकेत तिचा धूर गेला की खोकला येतो. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 साली शोधला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. धुमसणाऱ्या मिरचीतून कॅप्सायसिन धुराबरोबर हवेत पसरतं. लालभडक जाळात ते बरंचसं जळून जातं आणि उरलेलं धुराड्यातून निघून जातं. मिठाची तडतड खड्यात अडकलेल्या पाण्याच्या वाफेची, मोहरीचं उडणंही तसंच. म्हणजे ठसक्यावरून चुलीचा जाळ कळतो, मिरचीची जात कळते. बाळाबद्दल काहीच कळत नाही.

असं असलं तरी आजीला खुळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिचं निरीक्षण पक्कं होतं. बारशाला घर माणसांनी भरायचं आणि दोन-तीन दिवसांनी बाळाला ताप, जुलाब नाहीतर नाक चोंदलेलं. हे ती उगाच म्हणत नव्हती, तसं खरोखरच घडायचं. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यावर एक ते चार दिवसांनी त्रास सुरू होतो, लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस साधारण दोन दिवसांनी. पाव्हण्यांनी पापे घेतलेले असतात, बोट तोंडात दिलेलं असतं, नाक पुसलेल्या हातानंच बाळ उचललेलं असतं. पाव्हणे काहीतरी ठेवून जातात हे आजीनं बरोबर ओळखलं होतं. फक्त ते हातातून आणि श्वासातून येतं, डोळ्यांतून नाही.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. “किती ग गोड, कसं बाई गुटगुटीत!” असं सगळ्यांत जास्त म्हणणारी बाई बहुधा तीच असते, जिनं बाळाला सगळ्यांत जास्त वेळ आणि सगळ्यांत जवळ घेतलेलं असतं. घरच्यांच्या मनात तिचे शब्द राहतात आणि हात विसरले जातात.

डोळ्यांच्या साथीतही हेच होतं. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले, तेव्हा वर्गात मुलं एकमेकांना ओरडून सांगत होती, “माझ्याकडं बघू नको, येतील!” आणि तीच मुलं एकाच रुमालानं तोंड पुसत होती. विषाणू रुमालातून, हातांतून पसरत होता. नुसतं बघून कुणाचे डोळे येत नाहीत. गॉगल लावला की स्वतःचा हात डोळ्याकडं कमी जातो, एवढाच त्याचा उपयोग.

दिष्ट काढायची वेळ तिन्हीसांजेची. त्यालाही कारण आहे. पहिल्या काही महिन्यांतली बाळं दिवसभर बरी असतात आणि संध्याकाळी मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडत सुटतात. डॉक्टर याला कॉलिक म्हणतात. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टिपेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांचं होईतो आपोआप थांबतं. तासाभरानं बाळ दमून झोपतंच. त्या तासात मीठमोहऱ्या उतरल्या असतील तर श्रेय त्यांना जातं, आणि सव्वा महिन्यापासून रोज दिष्ट काढणारी आई तीन महिन्यांनी म्हणते, आता लागायची बंद झाली.

गोठ्यातली दिष्ट तर मला सगळ्यांत विलक्षण वाटते. “परक्या माणसानं धार बघितली आन् म्हशीनं पान्हा चोरला,” ही तक्रार आमच्या भागात घरोघर ऐकू येते आणि ती शब्दशः खरी आहे. म्हशीच्या कासेतलं बहुतेक दूध बारीक पोकळ्यांत साठलेलं असतं. रेडकू ढुसण्या मारतं, ओळखीचा हात कासेला लागतो, तेव्हा तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, त्या पोकळ्या आवळल्या जातात आणि पान्हा सुटतो. अनोळखी माणूस, मोठा आवाज, नवी जागा यांनी म्हैस बिचकली की ॲड्रेनॅलिन वाढतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडतं. दूध आटलेलं नसतं, ते आतच राहतं. पाव्हणा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला तरी हेच होईल. बाळंतिणीचंही तसंच आहे. सासरची चार माणसं टक लावून बसली की तिला अवघडल्यासारखं होतं आणि दूध उतरायला वेळ लागतो. ‘पदराआड पाज’ या सांगण्यात तिच्या निवांतपणाची काळजी होती. ती दिष्टीच्या नावाखाली झाकली गेली.

मग डोळ्यातून काही बाहेर पडतं ही कल्पना आली कुठून? ती फार जुनी आहे आणि अडाण्यांची मुळीच नाही. ग्रीसमध्ये प्लेटो आणि युक्लिड यांना डोळ्यातून किरण निघतात असं वाटायचं. आपल्या न्यायदर्शनातही, म्हणजे तर्कावर उभ्या असलेल्या जुन्या तत्त्वज्ञानातही, डोळ्याचे किरण वस्तूपर्यंत जाऊन भिडतात असं मांडलं आहे आणि त्यासाठी रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या चमकत्या डोळ्यांचा दाखला दिला आहे. तो दाखला शिराळ्या-कऱ्हाडकडच्या शेतकऱ्याला पटकन पटेल. रात्री उसाला पाणी पाजताना बॅटरी फिरवली आणि दोन डोळे लकाकले, तर बिबट्याच्या डोळ्यांतूनच उजेड आल्यासारखा वाटतो. खरं तर त्या डोळ्यांत पडद्यामागं आरशासारखा एक थर असतो. तो आपल्याच बॅटरीचा उजेड परत पाठवतो. बॅटरी विझवली की ते डोळेही विझतात. उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो हे अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम यांनी नीट मांडलं. पण ‘नजर टाकली’, ‘नजर फेकली’, ‘नजर लागली’ असं आपण अजूनही बोलतो. आपल्याकडं मागून कुणी बघत असलं की कळतं, असं पुष्कळांना वाटतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी 1898 मध्येच असं सांगणाऱ्यांची परीक्षा घेतली, आणि कुणालाही ते ओळखता आलं नाही.

डोळा फक्त घेतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा माझ्यापुढं आमच्या गल्लीतल्या काकू असतात. त्यांना मूल नव्हतं. त्या दारावरून गेल्या की आई माझ्या धाकट्या भावाला पदराखाली ओढायची. त्याच्या बारशाला काकू उशिरा आल्या, उंबऱ्याशीच बसल्या. स्वतः विणलेलं पिवळं लोकरीचं टोपडं त्यांनी माझ्या हातात दिलं, पाळण्याकडं न बघता चहा घेतला आणि गेल्या. आईनं त्या टोपड्यावरून मीठ उतरवलं आणि ते ट्रंकेत तळाला ठेवलं. भावाच्या डोक्यावर ते कधीच चढलं नाही. पाळण्याकडं बघायचं नाही हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं.

मनाच्या समाधानासाठी मीठमोहऱ्या उतरल्यानं बाळाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वेळ गेल्यानं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. घरातल्या जुलाबासाठी असा कायदा नाही. तिथं घरच्यांनाच घड्याळ बघावं लागतं.

माझा भाऊ आठ महिन्यांचा असताना त्याला उलट्या-जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, “टाळू बसलीया.” तिनं टाळू तेलानं भरली. टाळू खोल जाणं म्हणजे अंगातलं पाणी कमी झाल्याची खूण, हे आज मला ठाऊक आहे. रडताना डोळ्यांत पाणी न येणं, सहा-आठ तास लघवी न होणं, बाळ मलूल पडणं याही त्याच खुणा. त्या दिसल्या की थांबायचं नसतं. तिसऱ्या दिवशी मिरजेला सलाईन लावलं आणि तो वाचला.

मीठ आणि साखर पाण्यात एकत्र असली की आतडं दोन्ही जोडीनं आत ओढतं आणि मागोमाग पाणी शोषलं जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य जीव वाचवले. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच. नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं साखर सपाट 6 चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा घालायचं आणि घोट घोट पाजत राहायचं.

त्या दोन दिवसांत आजीनं पाच वेळा मीठ उतरून चुलीत टाकलं. मिठाची बरणी चुलीशेजारच्या फळीवर असायची. तिच्या उजव्या हाताला साखरेचा डबा.