मागे पडलेली गाडी आणि न उमगलेली गाडी

युरोपातली फॉर्म्युला वन शर्यत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. आठच्या सुमारास ठाण्यात ती बघत बसलेल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: एवढा पैसा ओतला, मग हे बारावे कसे?

बाराव्या नंबरवर दिसणारी गाडी दोन प्रकारची असू शकते. एक मागे पडलेली. ती कुठे आणि किती कमी पडते, हे टीमला पक्कं ठाऊक असतं. दुसरी न उमगलेली. संगणकावर ती वेगवान असते, ट्रॅकवर तशी धावत नाही, आणि का धावत नाही ते कुणाला सांगता येत नाही. टीव्हीवर दोघी सारख्याच दिसतात. पहिलीला पैसा लागू पडतो. दुसरीवर तो नुसता खर्च होतो.

पहिलीचं उदाहरण २०२३ची मॅक्लारेन. हंगाम सुरू व्हायच्या आधीच गाडी ठरवलेल्या लक्ष्यापर्यंत पोहोचली नसल्याचं टीमनं मान्य केलं होतं. बहारीनच्या पहिल्या शर्यतीत एकही गुण मिळाला नाही. पण दुखणं कळलं होतं आणि औषध तयार होत होतं. जुलैच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात नवे भाग लागले, टीमचा ड्रायव्हर नॉरिस चौथा आला, पुढच्याच आठवड्यात इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला दुसरा. पुढच्या वर्षी टीमनं कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे टीमसाठीचं, अजिंक्यपद घेतलं, १९९८ नंतर पहिल्यांदा.

दुसरीचं उदाहरण २०२२ची मर्सिडीज. आदल्या वर्षीची कन्स्ट्रक्टर्स विजेती टीम, पैशाला तोटा नाही, पण २२ शर्यतींत विजय एकच, ब्राझीलला. गाडी सरळ रस्त्यावर उसळ्या मारायची. त्या वर्षीच्या नव्या नियमांत गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर, म्हणजे डाउनफोर्स, बराचसा गाडीच्या तळातून, म्हणजे फ्लोअरमधून, येत होता. वेग वाढला की गाडी खाली खेचली जाते, फट फार अरुंद झाली की खालचा हवेचा प्रवाह तुटतो, खेच सुटते, गाडी वर येते, प्रवाह पुन्हा जुळतो, गाडी पुन्हा खाली. सेकंदाला अनेकदा. हे विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीच्या मॉडेलवर वारा सोडून बघायच्या बोगद्यात, दिसलं नाही, त्याला कारण आहे. नियमांनुसार तिथं मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं आणि वारा सेकंदाला जास्तीत जास्त ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या आत. खरी गाडी ३००च्या पुढे जाते. मर्सिडीजची रचना गाडी जमिनीला जवळजवळ चिकटून धावेल या हिशेबावर उभी होती. उसळ्या थांबवायला ती जमिनीपासून उंच ठेवून पळवावी लागली आणि मांडलेला हिशेबच गेला.

खरी गोम पुढे आहे. टनेल, संगणक आणि ट्रॅक यांचे आकडे जुळले नाहीत, तर पुढचा प्रत्येक नवा भाग त्याच चुकीच्या आकड्यांवर बनतो. वजनकाटा दोन किलो कमी दाखवत असेल तर जास्त माल आणून हिशेब जुळत नाही, तसंच हे. पैसा जास्त असेल तर भाग भराभर बनतात, दर शर्यतीला दोन-तीन बदल एकदम लागतात, आणि कुठल्या बदलानं काय झालं हे ओळखायची सोयच राहत नाही. कमी पैशाच्या टीमला नाइलाजानं एकेक भाग तपासून लावावा लागतो. हा तिचा फायदा लोक धरतच नाहीत.

आपल्याला जवळचं उदाहरण फोर्स इंडियाचं. मालकी भारतीय, कारखाना सिल्व्हरस्टोनला, पैसा बेताचा. २०१६ आणि २०१७ला ती टीम चौथी आली. २०१८ला दिवाळखोरीची कारवाई झाली, मालक बदलले, आणि आज तीच टीम ॲस्टन मार्टिन आहे. नवा कारखाना, मोठमोठी नावं, २०२५पासून स्वतःचा विंड टनेलही. २०२३ला २८० गुण, २०२४ला ९४. त्या वर्षी नवे भाग येत राहिले, गुण येत नव्हते. टोयोटानं २००२ ते २००९ अशी आठ वर्षं कोलोनमधून टीम चालवली, एकही शर्यत जिंकली नाही. त्यांचा टनेल मात्र उत्तम होता. मॅक्लारेननं तो कित्येक वर्षं भाड्यानं वापरला आणि २०२१ला इटलीतली मोंझाची शर्यत जिंकली. यंत्र तेच होतं. त्यातून निघणाऱ्या आकड्यांचं काय करायचं, यात फरक होता.

२०२१पासून खर्चाला मर्यादा आहे (त्या वर्षी १४.५ कोटी डॉलर, ड्रायव्हरचा पगार आणि सर्वांत महागड्या तिघांचा पगार धरत नाहीत). शिवाय २०२२पासून अजिंक्य टीमला विंड टनेलचा वेळ मूळ कोट्याच्या ७० टक्के मिळतो, दहाव्या टीमला ११५. म्हणजे मागे पडलेल्या टीमला चाचणीचा वेळ जास्त असतो. आकडे जुळत नसतील तर तो वेळही फुकट.

यातली कुठली गाडी आहे, हे शुक्रवारच्या सरावात थोडंफार कळतं. चाकांमागे जाळीसारखी मोठी फ्रेम लावलेली दिसली, बॉडीवर हिरवा-पिवळा पातळ रंग फासलेला दिसला, किंवा एकाच टीमच्या दोन गाड्यांना दोन वेगळे फ्लोअर दिसले, तर टनेलचा आकडा ट्रॅकशी ताडून बघणं चाललंय. एखाद-दुसऱ्या सत्रात हे सगळेच करतात. महिनोन्‌महिने चाललं, आणि मधेच जुना फ्लोअर परत लागला, तर गाडी उमगलेली नाही असं खुशाल समजावं.

नवी मुंबईत इंजिनिअरिंग कॉलेजांची जी पोरं फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेची) गाडी बांधतात, त्यांच्यासाठी तर हा फरक फारच कामाचा. स्पॉन्सर मिळाला की पहिला मोह कार्बनच्या विंगचा, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या पंखाचा, होतो. आधी आहे ती विंग मोजा. चारही सस्पेन्शनला पोटेन्शिओमीटर (सस्पेन्शन किती दबलं ते मोजणारा सेन्सर) लावा आणि बंद आवारातल्या सपाट जागेवर ताशी ६०च्या स्थिर वेगानं गाडी न्या. समजा चाकापाशी धरलेला स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला ३० न्यूटन आहे आणि चारही चाकं सरासरी २ मिलिमीटर दबली. डाउनफोर्स झाला ३० गुणिले २ गुणिले ४, म्हणजे २४० न्यूटन. संगणक ४०० म्हणत असेल, तर १६० न्यूटन गेले कुठे ते आधी शोधा. बहुतेक वेळा विंगचे ब्रॅकेट वाकतात, किंवा गाडीचा पुढचा भाग मॉडेलपेक्षा वर बसलेला असतो.

दोन्ही दिशांनी प्रत्येकी पाच फेऱ्या घ्या आणि सरासरी काढा. दुपारी खाडीकडून वारा सुटतो, एकाच दिशेनं मोजलं तर तोही विंगच्या नावावर चढतो. टायरचं तेच. सकाळी १२ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ३० अंशांवरून ६०वर गेली की दाब साधारण १४.६ होतो. जुनी विंग सकाळी आणि नवी दुपारी पळवली, तर तुम्ही विंगची नाही, उन्हाची तुलना केली. जुनी, नवी, पुन्हा जुनी, याच क्रमानं पळवा, आणि प्रत्येक वेळी गरम टायरचा दाब एकसारखा करून घ्या. तिसऱ्या खेपेचे आकडे पहिलीशी जुळले नाहीत, तर मधल्या खेपेचा आकडा वहीत लिहूच नका.