सहा फटींचे गणित

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची रुंदी ५३ पूर्णांक एक तृतीयांश यार्ड, म्हणजे जवळपास ४९ मीटर असते. आक्रमक संघाने या रुंदीभर आपले चार खेळाडू पसरून उभे केले, की त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी बचावाच्या ११ खेळाडूंपैकी जवळपास निम्म्यांना बाहेर जावे लागते आणि मधला भाग विरळ होतो. ‘स्प्रेड’ आक्रमणाचा मूळ विचार हाच आहे. दूरवर चेंडू फेकण्यासाठीची मांडणी म्हणून ती ओळखली जात असली, तरी तिचे खरे सामर्थ्य त्या विरळ झालेल्या मध्यातून चेंडू घेऊन धावण्यात आहे, असे मला वाटते.

मध्यभागी आक्रमणाचे पाच लाइनमन खांद्याला खांदा लावून उभे असतात: एक सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या पलीकडे टॅकल. त्यांच्यामधल्या चार आणि दोन टोकांबाहेरच्या दोन मिळून सहा फटी होतात. सेंटरपासून बाहेरच्या दिशेने प्रत्येक बाजूला त्यांना ए, बी आणि सी म्हणतात. बचावाचे सहा जण समोर असतील, तर पाच लाइनमन पाचांना अडवतील आणि सहावा धावपटूला गाठेल, असा पूर्वीचा सरळ हिशोब होता. चेंडू धावपटूच्या हाती दिल्यावर क्वार्टरबॅकचे, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूचे, काम संपत असे, म्हणून तो या हिशोबात धरलाच जात नसे.

प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयात तो हिशोब मोडला. त्यांच्या ‘झोन रीड’मध्ये टोकाच्या एका बचावपटूला मुद्दाम कोणीच अडवत नाही, क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहत राहतो. तो बचावपटू धावपटूच्या मागे आत वळला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळतो आणि तो जागेवर थांबला तर चेंडू धावपटूला मिळतो. अंगाला हातही न लावता एक बचावपटू निकामी होतो आणि उरलेल्या पाचांसाठी पाच लाइनमन मोकळे राहतात. पुढे यात छोट्या पासची तिसरी शक्यता जोडली गेली, तिला रन-पास ऑप्शन किंवा आरपीओ म्हणतात.

आरपीओ नेमका कोणाला पेचात पकडतो, हे कळण्यासाठी बचावाच्या पुढच्या फळीतील जागा समजून घ्याव्या लागतात. लाइनमन समोरच्या खेळाडूच्या कोणत्या खांद्यावर उभा आहे, हे आकड्यांनी सांगण्याची पद्धत टेक्सासचे प्रशिक्षक बम फिलिप्स यांच्या नावाशी जोडली जाते. सेंटरच्या अगदी समोर ०, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर ३, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर ५ आणि त्याच्या आतल्या खांद्यावर ‘४-आय’. चार लाइनमन आणि त्यांच्या मागे उभे राहणारे दोन लाइनबॅकर यांच्या नेहमीच्या मांडणीत लाइनमन चार फटी बुजवतात. एका बाजूची ए आणि दुसऱ्या बाजूची बी या दोन फटी लाइनबॅकरांकडे येतात. बी फट सांभाळणाऱ्या लाइनबॅकरवर पासचीही जबाबदारी असते. तो पुढे धावला की त्याने सोडलेल्या जागेत पास पडतो आणि तो थबकला की धावपटू फटीतून निसटतो. त्या माणसाची चूक नसते. त्याला एकाच क्षणी दोन ठिकाणी असावे लागते.

‘टाइट फ्रंट’ ही मांडणी या पेचावरच इलाज करते. यात एक लाइनमन सेंटरच्या समोर आणि दोघे दोन्ही टॅकलच्या आतल्या खांद्यावर उभे राहतात. दोन्ही बी फटी लाइनमननीच बुजल्यामुळे लाइनबॅकरला पुढे धावण्याची घाई राहत नाही आणि धावपटूला सरळ वाट न मिळाल्याने तो बाहेर वळतो. इथे साधी भूमिती बचावाच्या मदतीला येते. सेकंदाला ७ मीटर वेगाने बगलेकडे ९ मीटर सरकायला सुमारे १.३ सेकंद लागतात आणि त्या धावेतून पुढे एक यार्डही मिळत नाही. तेवढ्याच वेळात १० यार्ड मागे उभा असलेला सेफ्टी, म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीतला खेळाडू, त्याच वेगाने चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेपर्यंत येऊन पोहोचतो. धावपटू मधल्या फटीतून सरळ गेला असता, तर त्याने रेषा ओलांडली तेव्हा हा सेफ्टी अर्ध्या वाटेवरच असता.

मात्र हे सर्व सेंटरसमोरच्या ‘नोज’वर अवलंबून असते. सेंटर आणि गार्ड मिळून त्याला ढकलत असताना त्याला दोन्ही ए फटींवर वचक ठेवावा लागतो. त्यासाठी वजनाबरोबर खांदे प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांखाली ठेवण्याचे कसब लागते, कारण खालून वर दिलेला रेटा समोरच्याची पायावरची पकड सोडवतो. प्रशिक्षक किर्बी स्मार्ट यांच्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संघात हे काम जॉर्डन डेव्हिस करत असे. २०२२ मध्ये व्यावसायिक संघांसमोरच्या चाचणीत ३४१ पौंडांच्या, म्हणजे सुमारे १५५ किलोंच्या या खेळाडूने ४० यार्ड ४.७८ सेकंदांत कापले. त्याच वर्षी १० जानेवारीला जॉर्जियाने अलाबामाला ३३-१८ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते.

इतका असामान्य नोज प्रत्येकाला लाभत नाही, म्हणून मला आयोवा स्टेट या विद्यापीठाच्या संघाचे उत्तर अधिक विचारप्रवर्तक वाटते. तेव्हा मॅट कॅम्पबेल मुख्य प्रशिक्षक असलेल्या या संघात बचावाचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन हीकॉक यांनी २०१७ मध्ये तीन लाइनमनच्या मागे तीन सेफ्टी ठेवले. त्यांतला मधला सेफ्टी धाव कोणत्या बाजूला जाते ते पाहून त्या फटीवर धावून येतो. तो दूरवर आणि मध्यभागी असल्याने त्याला अडवायचे कोणी, हे आक्रमणाच्या लाइनमनला आधी ठरवता येत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डच्या ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ३८-३१ असे हरवले.

टाइट फ्रंटची किंमत टोकांवर मोजावी लागते. लाइनमन आत दाटल्यामुळे क्वार्टरबॅकवर बाहेरून येणारा दबाव कमी होतो आणि सी फट बाहेरच्या एकट्या लाइनबॅकरवर सोपवली जाते. म्हणून आक्रमक संघ पसरलेल्या चौघांपैकी एकाला परत बोलावून टॅकलच्या शेजारी टाइट एंड म्हणून उभे करतात. त्याच्या पलीकडे सातवी फट तयार होते आणि तिच्यासाठी माणूस कुठून आणायचा, हे बचावाला चेंडू खेळात येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत ठरवावे लागते.