ॲक्वामॅनला थंडी का वाजत नाही?

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा नाशिककरही कानटोपीशिवाय बाहेर पडत नाहीत. अशाच एका रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या पुढे मिसळ खायला गेलो होतो. बरोबर माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र होते, तिघंही अकरावीचे. रस्साचा पहिला घोट पोटात जायच्या आत त्यांची जुंपली. विषय ॲक्वामॅन, कॉमिक आणि सिनेमांतला पाण्यात श्वास घेणारा समुद्राचा राजा.

एकाचं म्हणणं, "मासे बोलावणारा हिरो! जमिनीवर भांडण झालं तर काय उपयोग त्याचा?" भाचा चिडला. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, मग खरा राजा कोण, असा त्याचा सवाल. तिसऱ्याला दोघंही नापसंत. नेमॉर हा दुसऱ्या कॉमिकमधला समुद्राचा राजा १९३९ मध्येच आला होता, ॲक्वामॅन १९४१ चा, तेव्हा मूळ कोण ते बघा, हा त्याचा मुद्दा. त्रिशूळ, ताकद, माशांशी मनोमन बोलणं, सगळ्याचे हिशेब झाले. शेवटी भाच्याने मलाच विचारलं, "मामा, तू सांग, त्याची सगळ्यात भारी शक्ती कोणती?"

मी म्हटलं, "त्याचं अंग गरम असतं, ती."

तिघंही माझ्याकडे बघत राहिले. पण हे मी अगदी मनापासून बोललो होतो. पाण्यात श्वास घेणं ही एक गोष्ट झाली. पाण्यात श्वास घेऊन शिवाय ३७ अंशांवर राहणं ही त्याहून फार मोठी. पृथ्वीवर हे धडपणे कुणालाच साधलेलं नाही. एका माशाला जरा जमलंय, त्याच्याकडे येतोच.

आधी श्वासाचा हिशेब करू. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात, २५ अंशांच्या आसपास, विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ५ मिलिलिटर. गोदावरीच्या गोड्या पाण्यात किंचित जास्त, पण तेही पाणी स्वच्छ असेल तर. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. म्हणजे पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन शोषता आला, तरी मिनिटाला ५० लिटर पाणी अंगातून जायला हवं. मासे उत्तम कामगिरी करतात तेव्हा ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेतात. त्या दराने ६० लिटरच्या वर, म्हणजे दर मिनिटाला चार मोठ्या बादल्या, आणि तेही सिंहासनावर स्वस्थ बसून. लढाईत ऑक्सिजनची गरज दहापटीहून जास्त वाढते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट घन, ते आतबाहेर ढकलण्याचे कष्ट वेगळेच. म्हणून कुपा, ज्याला इंग्रजीत ट्यूना म्हणतात, तो तोंड किंचित उघडं ठेवून सतत पोहत राहतो. त्याच्या वेगानेच पाणी कल्ल्यांतून वाहतं. तो थांबला तर गुदमरतो.

आता ते ८० टक्के कसे मिळतात ते बघा. मला जीवशास्त्रातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते. आपण श्वासातून आत घेतलेल्या ऑक्सिजनपैकी फक्त पाव भाग वापरतो, बाकीचा उच्छ्वासात परत जातो. मासा एवढी उधळपट्टी करू शकत नाही. कल्ल्यांच्या लाल झालरीवर अतिशय पातळ पापुद्रे असतात. त्यांच्या आतून रक्त एका दिशेला वाहतं आणि बाहेरून पाणी त्याच्या बरोबर उलट दिशेला.

उलट कशाला? समजा, पाण्यात ऑक्सिजन १०० आहे आणि रक्तात शून्य. दोघं एकाच दिशेने निघाले, तर पाणी उतरत उतरत ५० वर येईल, रक्त चढत चढत ५० वर जाईल. मग फरकच उरला नाही, देवाणघेवाण बंद. आता रक्ताची दिशा फिरवा. शून्यावरचं रक्त आत शिरताना त्याला भेटतं बाहेर पडणारं, जवळजवळ रितं झालेलं पाणी. त्यात १० शिल्लक असले तरी शून्यापेक्षा ते जास्तच, म्हणून रक्त तेही उचलतं. पुढे २० असलेलं रक्त ३० असलेल्या पाण्याला भेटतं, ५० असलेलं ६० असलेल्याला. शेवटी ८०-९० पर्यंत चढलेल्या रक्तासमोर नुकतंच आत आलेलं १०० चं ताजं पाणी असतं. वाटेत कुठेही फरक संपत नाही, त्यामुळे घेणंही थांबत नाही. दूध पाश्चराइझ करणाऱ्या डेअरीत याच तत्त्वावर बाहेर जाणारं गरम दूध आत येणाऱ्या गार दुधाला तापवतं.

दुधाचं उदाहरण मी मुद्दाम दिलं, कारण इथेच ॲक्वामॅनची पंचाईत होते. जे ऑक्सिजनला लागू, तेच उष्णतेला. किंबहुना पाण्यात उष्णता ऑक्सिजनपेक्षा साधारण सत्तरपट सहज पसरते. जो पडदा ऑक्सिजन आत घेण्याइतका पातळ, तो उष्णता अडवूच शकत नाही. आपलं हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं आणि ते सगळं फुप्फुसांतून जातं. ॲक्वामॅनचं तेवढंच रक्त कल्ल्यांतून जाणार. समुद्र २७ अंशांचा, रक्त ३७ चं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, हे आपण शाळेत शिकलो. रक्तही बव्हंशी पाणीच. पाच लिटर रक्त दहा अंशांनी गार झालं की मिनिटाला ५० किलोकॅलरी समुद्रात गेल्या. आणि २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरून शरीर मिनिटाला बनवतं सव्वा किलोकॅलरीच्या आत. आवक सव्वा, जावक पन्नास!

देवमाशांचे आणि डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात शिरले त्याला सुमारे पाच कोटी वर्षं झाली. पाय गेले, शेपटी आडवी झाली, नाक डोक्यावर सरकलं. कल्ले मात्र एकालाही फुटले नाहीत. उष्ण रक्ताच्या प्राण्याला श्वास रोखून बुडी मारणं हेच परवडतं.

यावर कुप्याने एक तोड काढली आहे. पोहण्याच्या लाल स्नायूंकडे गार रक्त नेणाऱ्या आणि तिथून गरम रक्त परत आणणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांची त्याच्या अंगात दाट जुडी असते. दोन्हींत प्रवाह उलटसुलट. परतणारं रक्त आपली ऊब येणाऱ्या रक्ताच्या हवाली करतं आणि गार होऊन निघून जातं. या वाहिन्यांच्या भिंती ऑक्सिजन निसटू नये इतक्या जाड, पण उष्णता जावी इतक्या पातळ. त्यामुळे स्नायू समुद्रापेक्षा दहा अंशांनीही गरम राहू शकतात, हृदय मात्र पाण्याइतकंच गार असतं. २०१५ मध्ये ओपा या गोल, ताटासारख्या माशाबद्दल संशोधन प्रसिद्ध झालं. त्याने ही जुडी थेट कल्ल्यांतच बसवली आहे. म्हणून त्याचं हृदयसुद्धा उबदार, आणि सगळं अंग खोल पाण्यापेक्षा सुमारे पाच अंशांनी गरम. ॲक्वामॅनला ही जुडी इतकी कसलेली लागेल की शंभरातली साडेसत्त्याण्णव भाग उष्णता ती परत मिळवेल. कातडीतून जाणारी ऊब मी अजून धरलेलीच नाही.

१९४१ च्या पहिल्या कथेत त्याला ही विद्या वडील शिकवतात. समुद्रात बुडालेल्या अटलांटिस या दंतकथेतल्या प्राचीन नगरीचं ज्ञान आणि सराव, एवढ्यावर तो पाण्यातून प्राणवायू घेऊ लागतो. अटलांटिसच्या आईचा वारसा नंतरच्या, १९५९ च्या कथेतला. कॉमिकमध्ये हे वाचायला मला आवडतं. पण सिंहस्थ जवळ आला की अमुक महाराज साधनेच्या बळावर तीन दिवस पाण्याखाली बसले, असं कुणी गंभीरपणे सांगू लागलं की राग येतो. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही, तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. २०२१ मध्ये क्रोएशियाच्या एका पाणबुड्याने २४ मिनिटं ३७ सेकंद श्वास रोखला, तोही आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन, वैद्यकीय देखरेखीखाली. सरावाने श्वास रोखता येतो. पाणी श्वासात घेता येत नाही. आणि बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊन दम वाढवण्याचा प्रयोग धरणावर जाणाऱ्या पोरांनी कधीही करू नये. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यायची तळमळ त्याच वायूमुळे होत असते. तळमळ जाणवण्याआधीच शुद्ध हरपते, पाण्याखाली.

हे सगळं ऐकून मासे बोलावण्यावर हसणारा मुलगा म्हणाला, "काका, जुन्या कॉमिकमध्ये तो पाण्याबाहेर एक तासच टिकायचा. ते तरी बरोबर ना?" प्रश्न चांगला होता. कल्ल्यांचे पापुद्रे पाण्याच्या आधाराने सुटे राहतात. हवेत ते ओल्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात, पृष्ठभाग आक्रसतो आणि भोवती हवेत भरपूर ऑक्सिजन असून मासा गुदमरतो. मरळ याला अपवाद. तिच्या डोक्यात हवा घेण्याची वेगळी पोकळी असते. म्हणूनच बाजारात ती थोड्याशा पाण्यात तासन् तास जिवंत दिसते, आणि तिला वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच मरते.

मिसळीनंतर घरी न जाता आम्ही मासळी बाजारात गेलो. मावशींनी रोहूची गालफडं उचलून दाखवली. मुलांनी मोजलं, प्रत्येक बाजूला चार कमानी, प्रत्येकीवर दुहेरी झालर. शेजारी बर्फावर कुपा होता. त्याचा आडवा तुकडा पाडला, तर मणक्यालगत बाकीच्या मांसाहून गडद, काळपट लाल पट्टा दिसला.

"ही तीच गरम जागा?" भाच्याने विचारलं आणि बोट टेकवलं. बर्फातला मासा, बोट चटकन मागे आलं.

"जिवंत असताना," मी म्हणालो.