उष्णतारोधक कडक फोम

इमारतीचे छप्पर, भिंती व जमीन यांतून होणारी उष्णतेची ये-जा कमी करण्यासाठी वापरले जाणारे प्लॅस्टिकचे हलके, ताठ फलक. गादीत भरतात तो फोम मऊ असतो आणि त्याच्या पेशी एकमेकींत उघडणाऱ्या असतात. इमारतीसाठीच्या कडक फोममधील बहुतेक पेशी बंद असतात व प्रत्येक पेशीत थोडा वायू कोंडलेला असतो. बांधकामात त्याचे मुख्यतः चार प्रकार दिसतात : प्रसरित पॉलिस्टायरीन (ईपीएस), म्हणजे सर्वांच्या ओळखीचा थर्माकोल; साच्यातून दाबून काढलेले पॉलिस्टायरीन (एक्सपीएस), ज्याचे निळे, गुलाबी किंवा हिरवट फलक मिळतात; पॉलियुरेथेन, ज्याला बाजारात ‘पफ’ म्हणतात, व त्याच कुळातील पॉलिआयसोसायन्युरेट (पीआयआर); आणि फिनॉलिक फोम.

उष्णता अडवण्याचे काम यात प्लॅस्टिक करत नाही, कोंडलेला वायू करतो. थर्माकोलच्या घनफळात सुमारे ९८ टक्के हवा असते. स्थिर हवेची उष्णतासंवाहकता मीटर-केल्विनमागे साधारण ०.०२६ वॅट असते, काँक्रीटची दीडच्या आसपास. मात्र मोकळी हवा स्थिर राहत नाही. ती तापते, वर चढते आणि उष्णता सोबत नेते. फोमच्या पेशी इतक्या लहान असतात की त्यांत हवेला फिरायला जागाच उरत नाही. उरतात तीन वाटा : वायूतून होणारे वहन, पेशींच्या पातळ भिंतींतून होणारे वहन आणि पेशीतून पेशीत जाणारे प्रारण. ईपीएसच्या मण्यांत ग्रॅफाइट मिसळले तर तिसरी वाट बरीचशी बंद होते. करड्या रंगाचा थर्माकोल मिळतो तो हाच. ईपीएसची संवाहकता ०.०३० ते ०.०४०, एक्सपीएसची ०.०२९ ते ०.०३६, पॉलियुरेथेन व पीआयआरची ०.०२२ ते ०.०२८ आणि फिनॉलिकची त्याहून थोडी कमी असते. पॉलियुरेथेन स्थिर हवेच्याही खाली जाऊ शकते, कारण त्याच्या पेशींत हवेऐवजी तिच्याहून जड व उष्णतेचा मंदवाहक वायू असतो. हा वायू वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपतो, हवा आत शिरते आणि रोधकता थोडी घटते. म्हणून कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या फलकाचा आकडा पाहून जाडी ठरवू नये. काही वर्षांनंतर राहणारा, म्हणजे जुना झालेल्या फोमचा आकडा धरावा. कॅनडाच्या मानकांत अशी दीर्घकालीन रोधकता मोजण्याची रीतच घालून दिलेली आहे.

पॉलिस्टायरीन हा पदार्थ १८३९ मध्ये बर्लिनमधील औषधविक्रेते एडुआर्ट सिमोन यांच्या हाती लागला, पण त्याचा फोम व्हायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. स्वीडनचे कार्ल मुंटर्स व योन टांडबेर्ग यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार केला. पुढे अमेरिकेतील डाऊ कंपनीत रे मॅकिंटायर स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले आणि कंपनीने स्वीडिश एकस्वाचे (पेटंटचे) हक्क घेतले. बंद पेशींमुळे पाणी न शोषणारा हा फोम सुरुवातीला युद्धकाळात तराफ्यांसाठी वापरला गेला. घरांच्या भिंतींत तो नंतर आला. मण्यांपासून बनणारे ईपीएस १९५०च्या सुमारास जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत फ्रित्स श्टास्टनी यांनी विकसित केले. पॉलियुरेथेनचे रसायन ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये लेव्हरकुझेन येथे शोधले होते.

ईपीएस बनवताना पेंटेन मुरलेल्या पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांना वाफ देतात. मणी फुगतात, काही काळ हवेत मुरू देतात, मग साच्यात पुन्हा वाफ देऊन त्यांचा ठोकळा करतात आणि तापलेल्या तारेने हव्या त्या जाडीचे फलक कापतात. मण्यांमध्ये सूक्ष्म फटी राहतात, त्यामुळे थोडे पाणी शिरू शकते. एक्सपीएसमध्ये वितळलेले पॉलिस्टायरीन वायूसह दाबाखाली साच्याच्या फटीतून बाहेर ढकलतात. त्याची वीण एकसंध असते, म्हणून तो ओलाव्याला व वजनाला जास्त टिकतो. पॉलियुरेथेन दोन द्रवांच्या अभिक्रियेतून जागच्या जागी फुगते. त्यामुळे ते दोन पत्र्यांमध्ये भरून पॅनेल करता येते, किंवा जुन्या छपरावर फवारता येते.

महाराष्ट्रात या फोमचा सर्वांत मोठा उपयोग गच्चीवर होऊ शकतो, पण प्रत्यक्षात तिथेच तो सर्वांत कमी दिसतो. राज्य संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे महिन्यात बहुतेक जिल्ह्यांत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. अशा वेळी भिंतींवर ऊन तिरपे व थोडे पडते, सारा मारा सपाट स्लॅबवर होतो. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खालच्या खोलीत सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना याचे वर्णन करून सांगायला नको. ब्रिकबॅट कोबा पाणी अडवतो, पण उष्णतेला त्याचा अडथळा बेताचाच.

हिशेब सोपा आहे. जाडीला संवाहकतेने भागले की रोध मिळतो. १५० मिलिमीटर काँक्रीटच्या स्लॅबचा रोध साधारण ०.१ येतो. ५० मिलिमीटर एक्सपीएसचा १.६ च्या वर जातो, म्हणजे जवळपास अडीच मीटर जाड काँक्रीटइतका. दोन्ही बाजूंच्या हवेच्या थरांचा रोध धरला तर उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, सुमारे ३.३ वॅट उष्णता आत येते. वर ५० मिलिमीटर फोम घातला की हा आकडा ०.५ वर येतो. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये छपराला १.२ ची मर्यादा आहे. ती गाठायला २० मिलिमीटर एक्सपीएसही पुरतो. व्यापारी इमारतींसाठीच्या २०१७च्या ऊर्जा संवर्धन संहितेत बहुतेक प्रकारच्या इमारतींना ०.३३ ची कडक मर्यादा आहे. तिच्यासाठी एक्सपीएस ८० मिलिमीटरहून थोडा जास्त, किंवा पीआयआर सुमारे ६५ मिलिमीटर लागतो. पहिल्या काही सेंटिमीटरचा फायदा सर्वांत मोठा आणि पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरचा कमी कमी होत जातो, ही गोष्ट घर बांधणाऱ्याने लक्षात ठेवावी. थोडा फोम आणि अजिबात नाही, यांतला फरक जाड आणि अतिजाड यांतल्या फरकापेक्षा खूप मोठा असतो.

फोम स्लॅबच्या वर घालावा की खाली, हा प्रश्न नेहमी निघतो. वर घालणेच योग्य. स्लॅब उन्हापासून वाचतो, तापून-निवून होणारे त्याचे प्रसरण-आकुंचन घटते आणि भेगा कमी पडतात. वॉटरप्रूफिंगचा थर फोमखाली ठेवला तर तोही उन्हापासून झाकला जातो. या रचनेत एक्सपीएसच वापरावा लागतो, कारण फोम पावसात भिजणार हे गृहीत धरलेले असते. क्रम असा : स्लॅब, उताराचा थर व वॉटरप्रूफिंग, फोम, वेगळे करणारे कापड, त्यावर कोबा आणि शेवटी पांढरी चायना मोझॅक किंवा फरशी. फोम उघडा ठेवून चालत नाही. अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो व त्याचा भुगा होतो. पॉलिस्टायरीन ७५-८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि पेट्रोल, थिनर यांत विरघळते. त्यामुळे त्यावर गरम डांबर ओतणे किंवा विद्रावक असलेला रंग व गोंद लावणे म्हणजे फोम हातांनी नष्ट करणे. फलकांच्या सांध्यांत फटी राहिल्या तर तिथून उष्णता सरळ आत येते, म्हणून खाचेचे फलक एकमेकांत बसवतात किंवा दोन थर सांधे चुकवून घालतात.

फोमने आतली उष्णता नाहीशी होत नाही. माणसे, चूल, फ्रिज व दिवे यांची उष्णता घरातच असते. रात्री खिडक्या उघडल्या नाहीत तर रोधन केलेले घरही कोंदट राहते. सावली, पांढरा पृष्ठभाग आणि वारा यांच्या जोडीनेच फोमचा पुरा गुण येतो.

ओलाव्याच्या बाबतीत परदेशी पुस्तकांतील आकृत्या जशाच्या तशा उचलणे महागात पडते. थंड देशांत घराच्या आतली हवा उबदार व दमट असते, म्हणून बाष्परोधक पडदा फोमच्या आतल्या बाजूला लावतात. मुंबई, कोकण, गोवा येथे वातानुकूलित खोलीच्या बाबतीत सारे उलटे होते : दमट हवा बाहेर, थंडावा आत. पडदा बाहेरच्या बाजूला हवा. तो चुकीच्या बाजूला बसला तर पाणी भिंतीतच साठते आणि बुरशी धरते.

शीतगृहात हाच नियम आणखी काटेकोर होतो. नाशिककडची द्राक्षे निर्यातीपूर्वी थंड करून शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, तर सांगली-तासगाव भागात बेदाणा महिनोन्महिने शीतगृहांत राहतो. जुन्या शीतगृहांत विटांच्या भिंतींना आतून थर्माकोलचे थर चिकटवून गिलावा केलेला असे. आता बहुतेक ठिकाणी पफ पॅनेल उभी करतात : दोन रंगीत पत्रे आणि मध्ये पॉलियुरेथेन. सांधा सुटला किंवा नळासाठी पाडलेले भोक नीट बंद केले नाही, तर बाहेरची वाफ आत शिरून फोममध्ये पाणी किंवा बर्फ होते. भिजलेला फोम उष्णता रोखत नाही आणि विजेचे बिल चढते. मुंग्या व उंदीर फोम पोखरतात, त्यामुळे पत्र्याच्या कडा बंद करण्यालाही महत्त्व आहे.

आग हा या साहित्याचा सर्वांत गंभीर दोष. फोम म्हणजे शेवटी इंधन. पॉलिस्टायरीन वितळून पेटते थेंब खाली गाळते व दाट काळा धूर करते. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. पीआयआर व फिनॉलिक यांवर कोळशाचा थर धरतो, त्यामुळे ते आगीला अधिक टिकतात, पण तेही ज्वलनशीलच. ११ एप्रिल १९९६ रोजी ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वरच्या रस्त्यावरील वेल्डिंगमुळे छताच्या पोकळीतील पॉलिस्टायरीन पेटले आणि १७ जणांचा जीव गेला. १५ नोव्हेंबर २०१० रोजी शांघायमध्ये नूतनीकरण चालू असलेल्या उंच निवासी इमारतीला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी आग लागली. बाहेरून लावले जाणारे पॉलियुरेथेन भडकले व ५८ माणसे मरण पावली. दोन्हीकडे ठिणगी कामगारांच्या हातातल्या यंत्राची होती. फोम उघडा असताना वेल्डिंग किंवा कटिंग चालू ठेवणे ही बांधकामावरची सर्वांत धोकादायक सवय आहे, आणि ती आपल्याकडे अजून सर्रास दिसते.

१४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीत ७२ जण गेले. तिथे आग पसरण्याचे मुख्य कारण पॉलिएथिलीन भरलेली अ‍ॅल्युमिनियमची बाह्य पॅनेल होती. त्यामागच्या फोमनेही हातभार लावला. त्यानंतर इंग्लंडने १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी घातली. जर्मनीत भिंतींवर बाहेरून ईपीएस लावून गिलावा करण्याची पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. तिथे आग वर चढू नये म्हणून मधूनमधून खनिज लोकरीचे (दगड वितळवून काढलेल्या, न जळणाऱ्या तंतूंचे) पट्टे घालतात. उंच इमारतीच्या भिंतीला खनिज लोकर आणि स्लॅबवर, कोब्याखाली दबलेला फोम, ही विभागणी आपल्या शहरांना योग्य ठरेल. कोब्याखाली ज्वाळेला वाट मिळत नाही. खोलीच्या छताला आतून चिकटवलेल्या उघड्या थर्माकोलला ती सहज मिळते.

पेशी फुगवणाऱ्या वायूंनी या उद्योगाला वारंवार रसायन बदलायला लावले. क्लोरोफ्ल्युओरोकार्बन ओझोन थराला मारक ठरल्याने १९८७च्या माँट्रियल करारानंतर मागे पडले. त्यांच्या जागी आलेला एचसीएफसी-१४१बी भारताने १ जानेवारी २०२० पासून पूर्ण बंद केला. पुढच्या पिढीतील एचएफसी ओझोनला अपाय करत नाहीत, पण एचएफसी-१३४ए ची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. आता पेंटेन, कार्बन डायऑक्साइड व एचएफओ (तापमानवाढीची ताकद अगदी कमी असलेले नवे वायू) यांकडे कल आहे. पेंटेन स्वस्त असले तरी पटकन पेट घेते. त्यासाठी कारखान्यात करावी लागणारी सुरक्षाव्यवस्था लहान उत्पादकांना जड जाते. पॉलिस्टायरीनमध्ये अग्निरोधक म्हणून घालत असलेले एचबीसीडी २०१३ मध्ये टिकाऊ घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आले, कारण ते निसर्गात टिकून राहते व प्राण्यांच्या शरीरात साचते.

भारतीय मानकांत ईपीएससाठी आयएस ४६७१, पॉलियुरेथेन व पीआयआरसाठी आयएस १२४३६ आणि शीतगृहांच्या रोधनासाठी आयएस ६६१ आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीने थर्माकोलची ताटे, वाट्या व सजावट बंद झाली, इमारतीतला थर्माकोल मात्र त्या बंदीच्या बाहेर आहे. जुनी इमारत पाडताना निघणारे स्वच्छ पॉलिस्टायरीन पुन्हा वितळवता येते. पॉलियुरेथेन एकदा घट्ट झाले की वितळत नाही. ते दळून भराव म्हणून वापरतात किंवा जाळतात, आणि पत्र्यापासून सोलताना त्याच्या पेशींत उरलेला जुना वायू हवेत सुटतो.