एफएटी झाली, मग एसएटी कशाला? वेल्डिंग रोबोट ताब्यात घेताना

एफएटी म्हणजे फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्ट. मशीन बनवणाऱ्याच्या कारखान्यात, ते गाडीत चढण्याआधी होते. एसएटी म्हणजे साइट ॲक्सेप्टन्स टेस्ट, तेच मशीन आपल्या शॉपफ्लोअरवर उभं राहिल्यावरची. दोन्हीत वेल्ड मारून बघतात, दोन्हींच्या शेवटी सह्या होतात, त्यामुळे दुसरी ही पहिलीची उजळणी वाटते. पण एफएटीत मशीन ठरल्याप्रमाणे बनलंय का हे पाहायचं असतं. एसएटीत ते आपल्या विजेवर, आपल्या गॅसवर, आपल्या ऑपरेटरच्या हाताखाली तसंच चालतंय का, हे.

माझं मत विचाराल तर जास्त वेळ एफएटीला द्या. तिथे डिझायनर, प्रोग्रॅमर, टूलरूम सगळं हाताशी असतं. फिक्श्चरचा (पार्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचा) क्लॅम्प वेल्डिंग टॉर्चला आडवा येत असेल, तर तिथल्या तिथे बदलून घेता येतो.

आणि पार्ट आपलेच न्या, तेही टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, दोन्ही टोकांचे. लेझरने कापलेले, फटीशिवाय बसणारे नमुने कुठलाही रोबोट छान जोडतो. प्रेसमधून निघालेल्या पार्टमध्ये एखाद मिलिमीटरची फट निघाली, तर ती वेल्डिंगच्या 1.2 मिमी वायरच्या जाडीला जवळपास भिडते. सीम ट्रॅकिंग (जोडाची रेघ शोधत जाण्याची सोय) नसेल तर रोबोट शिकवलेल्या जागीच जाणार, जॉइंट सरकलेला असो वा नसो.

वरचा बीड, म्हणजे वेल्डची पट्टी, बघून सही करू नका. पीस आडवा कापा, कापलेली बाजू पॉलिश पेपरने घासा, नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावा. थोड्याच वेळात वेल्ड वेगळा उठून दिसतो. वर एकसारखा, देखणा बीड आणि मुळाशी केसाएवढी काळी रेघ: तिथे धातू एकजीव झालेलाच नाही. आयएसओ 5817 या वेल्डमधल्या दोषांच्या मानकातला बी, सी की डी, कुठला दर्जा लागू आहे हे ऑर्डरमध्येच लिहिलेलं असावं. नाहीतर कापलेला पीस टेबलावर ठेवून वाद सुरू होतो.

एसएटीत वेगळ्याच गोष्टी सापडतात. वाहतुकीसाठी सुटे केलेले रोबोट आणि पोझिशनर (पार्ट धरून फिरवणारं टेबल) पुन्हा बसवताना जागा किंचित बदलते, टॉर्च सीमवरून सरकतो, शिकवलेले पॉइंट टच-अप करावे, म्हणजे थोडे सरकवून घ्यावे, लागतात. शेजारच्या पंख्याचा झोत वेल्डला हवेपासून वाचवणारा शील्डिंग गॅस उडवतो आणि वेल्डमध्ये पिनहोल येतात. कुंपण नव्याने जोडलेलं असतं, म्हणून इमर्जन्सी स्टॉप, दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारा), लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा सुरक्षा-पडदा) पुन्हा एकेक करून तपासायचे.

एफएटीत राहिलेली कामं पंच लिस्टमध्ये जातात. नेमप्लेट, रंग, मॅन्युअलची प्रत एवढं तिथे चालेल. सेफ्टी किंवा पेनिट्रेशनचा (वेल्ड किती खोल गेला याचा) मुद्दा बाकी असेल, तर ‘साइटवर करून देतो’ म्हणाले तरी गाडी भरू देऊ नका.