लाल तार उजव्या हाताला

रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. "पप्पांच्या छातीत दुखतंय. इथल्या दवाखान्यात ईसीजी काढलाय, तुला पाठवतो. तुझ्या त्या मित्राला दाखव ना." मामा तालुक्याच्या गावी, मी पुण्यात, आणि मित्र हृदयरोगतज्ज्ञ असला तरी त्या वेळी ठाण्यात कुणाच्या तरी रिसेप्शनच्या रांगेत. फोटो आला. गुलाबी चौकटींचा कागद, त्यावर मामेभावाच्याच डोक्याची सावली, उजवीकडचा भाग कापलेला, आणि वरच्या कोपऱ्यात यंत्राने आपणहून छापलेलं निदान: लॅटरल इन्फार्क्ट. हृदयाच्या डाव्या बाजूच्या भिंतीला झटका, असा त्याचा अर्थ. तोवर मामीने देवापुढे दिवा लावला होता.

मित्राचं पहिलं उत्तर निदानाबद्दल नव्हतंच. "कागद टेबलावर सपाट ठेवायला सांग. फ्लॅश बंद. बरोबर वरून फोटो. चौकटी चौकोनी दिसल्या पाहिजेत." दुसरा फोटो गेला. दोन मिनिटांनी उत्तर: "हातांच्या तारा उलट लागल्यात. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या. परत काढा."

टेलिमेडिसिन, म्हणजे दुरून दिलेला वैद्यकीय सल्ला, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा डॉक्टर येतो. शहरातला, मोठ्या पदव्यांचा. त्या रात्रीपासून माझ्या डोळ्यांसमोर मात्र दोन तारा येतात, आणि त्या लावणारे हात.

खरं तर दूरवैद्यकाचा आणि ईसीजीचा जन्म जवळपास एकाच घरातला. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्टोव्हेन नावाचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. हृदयाच्या ठोक्यागणिक शरीरात जो विजेचा बारीकसा तरंग उठतो, तो टिपणारं यंत्र त्यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तयार केलं. दोन चुंबकांमध्ये ताणलेला, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू. वीज आली की तो हलायचा आणि त्याची सावली सरकत्या काचेवर उमटायची. तंतू केसाहून बारीक, पण त्याच्याभोवतीचं यंत्र सुमारे २७० किलोचं! ते चालवायला पाच माणसं लागायची. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून ठेवायचे, हेच त्या काळचे इलेक्ट्रोड.

आता हे धूड रुग्णालयात न्यायचं कसं? आणि हृदयविकाराच्या रुग्णांना उचलून प्रयोगशाळेत आणायचं कसं? आइन्टोव्हेन यांनी दोघांनाही जागेवरून हलवलं नाही. प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांत दीड किलोमीटरचं अंतर होतं, तेवढी टेलिफोनची तार त्यांनी जोडून घेतली. २२ मार्च १९०५ ला त्या तारेवरून पहिला 'टेलिकार्डिओग्राम' आला. तो रुग्णाचा नव्हता, एका धडधाकट माणसाचा होता. आलेखातल्या एका शिखराची उंची जरा जास्त भरली. कारण काय, तर हा गृहस्थ प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत सायकल मारत गेला होता! आपले ठोके परत प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी त्याने केलेला हा व्यायाम मला फार आवडतो. यंत्राने नुसता आकडा दिला होता. तो का वाढला हे कळायला माणूस कसा आला हे कुणाला तरी ठाऊक असावं लागलं.

आइन्टोव्हेन यांना १९२४ मध्ये नोबेल मिळालं. आलेखावरच्या लाटांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आजही तीच आहेत.

त्यांची तार थेट होती, म्हणून काम झालं. पुढे नेहमीच्या टेलिफोन यंत्रणेतून ईसीजी पाठवायची वेळ आली तेव्हा एक गंमतशीर अडचण निघाली. माणसाचं बोलणं समजायला जेवढं पुरे तेवढंच टेलिफोन पुढे नेतो: सेकंदाला साधारण ३०० ते ३४०० कंपनं. हृदय मिनिटाला ७२ म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा ठोका देतं, आणि ईसीजीतले बारकावे धरले तरी १५० कंपनांच्या वर फारसं काही नसतं. म्हणजे हृदयाची सगळी वीज टेलिफोनच्या उंबरठ्याच्या खालीच राहते. मग युक्ती अशी काढली की एक शिट्टीसारखा सूर घ्यायचा, हृदयाच्या विजेबरोबर तो वरखाली करायचा, आणि तो सूर फोनवरून पाठवायचा. पलीकडे सुरातून पुन्हा आलेख काढायचा. पेसमेकर बसवलेल्या माणसांची तपासणी परदेशात कित्येक वर्षं अशीच, घरच्या फोनवरून होत असे.

फोन छातीला लावून "ऐका बरं डॉक्टर" म्हटल्यावर काही ऐकू का येत नाही, त्याचंही उत्तर बरंचसं इथेच आहे. हृदयाचे आवाज बहुतांशी खर्जातले. आजचा मोबाइल तर त्याहून पुढे गेलाय, माणसाच्या बोलण्यासारखं जे वाटत नाही ते तो गोंगाट समजून पुसूनच टाकतो. डिजिटल स्टेथोस्कोप म्हणूनच आवाजाची वेगळी फाइल करतो, फोनवरच्या बोलण्याच्या वाटेला जात नाही.

ईसीजीची ही अडचण आता पार मिटली आहे. किती, ते हिशेब करून पाहू. सेकंदाला ५०० वेळा नोंद, प्रत्येक नोंदीला दोन बाइट, दहा सेकंदांचा आलेख. कागदावर बारा पट्ट्या दिसतात, पण मोजाव्या लागतात आठच. उरलेल्या चार बेरीज-वजाबाकीने काढता येतात, त्यातली एक वजाबाकी आइन्टोव्हेन यांचीच. गुणाकार केला तर येतात ८० हजार बाइट. रोज सकाळी सहाला काकांकडून येणारं गुलाबाच्या फुलांचं 'शुभ प्रभात' याहून मोठं असतं. टेकडीवर चढून एक काडी रेंज मिळाली तरी माणसाचं हृदय जिल्ह्याला पोचतं.

इस्रोने २००१ च्या सुमाराला उपग्रहावरून दवाखाने जोडायला सुरुवात केली, तेव्हा अंतर हीच अडचण होती. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर. प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला आणखी पाव. त्या अर्ध्या सेकंदाच्या शांततेत डॉक्टर आणि रुग्ण एकदमच बोलायला लागायचे. ते दिवस गेले. अडचण मात्र गेली नाही, ती मधल्या अंतरातून रुग्णाजवळच्या टोकावर आली.

म्हणजे आपल्या त्या लाल-पिवळ्या तारांवर.

आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर हातापायांच्या तारांचे रंग ठरलेले असतात: उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. पहिले तीन लक्षात ठेवायचे तर चौकातला सिग्नल आठवायचा. ईसीजीची पहिली पट्टी म्हणजे डाव्या हातावरची वीज वजा उजव्या हातावरची. हृदयातला तरंग उजवीकडून वरून डावीकडे खाली वाहतो, त्यामुळे या पट्टीत लाटा वर उठतात. दोन हातांच्या तारा बदलल्या की वजाबाकी उलटी होते आणि सगळ्या लाटा डोक्यावर उभ्या राहतात. यंत्रातल्या संगणकाला तारा दिसत नाहीत, लाटाच दिसतात. उलटी लाट, खोल खड्डा, म्हणजे तिथला स्नायू मेलेला, असा त्याने हिशेब केला आणि छापून मोकळा झाला. मित्राने आधी छातीवरच्या पट्ट्या पाहिल्या. त्या व्यवस्थित होत्या. एकाच हृदयाच्या हातांच्या पट्ट्या एक सांगतात आणि छातीच्या दुसरं, तर चूक हृदयात नसून तारांत असणार.

छातीवरचे सहा ठिपके तर आणखी नाजूक प्रकरण. पहिला आणि दुसरा उरोस्थीच्या उजव्या-डाव्या कडेला, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या खाचेत. बरगड्या बोटांनी मोजत यायच्या. घाईत मोजणी चुकते, ठिपके एक-दोन खाचा वर बसतात आणि कधीच न आलेला झटका आलेखात दिसू लागतो. रबरी फुगा दाबून चिकटवायच्या वाट्या असतील तर केसाळ छातीवर त्या टिकत नाहीत. मग जेल जास्त लावलं जातं, ते पसरून एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जातं, आणि दोन वेगळ्या पट्ट्या एकमेकींची नक्कल करू लागतात.

एवढ्या बारकाईने का सांगतोय? कारण या आलेखावर पुढे काय टोचायचं ते ठरतं. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली असेल तर आलेखाचा एक ठरावीक भाग, एसटी, एखाद-दोन मिलिमीटर वर उचलला जातो. एक-दोन मिलिमीटर! कागद तिरपा धरून फोटो काढला तर तेवढा फरक कॅमेराच करून देतो. आडवा एक मिलिमीटर म्हणजे ०.०४ सेकंद, उभे दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट, हे माप मोडलं की सगळंच मोडलं. एसटी खरोखर उचललेला असेल आणि जवळ अँजिओप्लास्टीची सोय नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयातही देता येतं. पहिल्या एक-दोन तासांत त्याचा फायदा सगळ्यात जास्त, बारा तासांनंतर जवळजवळ नाही. पण तेच औषध चुकीच्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दूरवर बसलेला तज्ज्ञ एका फोटोवरून 'द्या' किंवा 'देऊ नका' म्हणतो, तेव्हा तो समोरच्या परिचारिकेच्या बोटांवर विश्वास टाकत असतो.

करोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरचीही तीच कथा. तो बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पार करतो आणि कोणता किती शोषला गेला यावरून रक्तातला ऑक्सिजन काढतो. बोट गार असेल, नखाला गडद रंग असेल, मेंदी असेल, तर आकडा बहकतो. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवतंय पण प्रत्यक्षात तो घसरलाय, असं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. आपण सावळ्या लोकांनी यावर कान टवकारायला हरकत नाही. फोनवर डॉक्टरला मात्र '९४' एवढंच ऐकू येतं. मेंदी ऐकू येत नाही.

डोळ्यांचं उदाहरण तर याहून बोलकं. मधुमेहाने पडद्याला होणारी इजा फोटोवरून ओळखणारी संगणकप्रणाली थायलंडमधल्या दवाखान्यांत प्रत्यक्ष वापरून पाहिली गेली. प्रयोगशाळेत ती तज्ज्ञांच्या तोडीस तोड होती. दवाखान्यात तिने १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के 'नीट नाहीत' म्हणून परत केले. कारण प्रणाली चांगल्या फोटोंवर शिकलेली, आणि दवाखान्यातल्या खोलीत पुरेसा अंधारच करता येत नव्हता. २०२० मधला तो अहवाल वाचताना मला आपली उपकेंद्रं दिसत होती. खिडकीला पडदा नाही, पंखा चालू, दाराशी रांग.

ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेत हे हात कुणाचे, याचं उत्तर निदान कागदावर तरी दिलेलं आहे. सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या मोहाली केंद्राने बांधलेली ही सेवा २०१९ मध्ये सुरू झाली, आणि करोनाच्या टाळेबंदीत घरबसल्या सल्ल्याची दुसरी वाट तिला जोडली गेली. मूळ वाटेत रुग्ण एकटा नसतो. उपकेंद्रातला सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, शेजारी बसतो, रक्तदाब घेतो, साखर मोजतो, पोट दाबून पाहतो आणि पडद्यावरच्या डॉक्टरला सांगतो. असं उपकेंद्र सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक असावं, असा निकष आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. आकडा मोठा आहे, पण मला त्याने फार काही कळत नाही. दहा कोटींपैकी किती वेळा रक्तदाबाचा पट्टा दंडाच्या मापाचा होता, हे कळलं तर जास्त कळेल.

कायद्यालाही ही धाकधूक आहे. २५ मार्च २०२० ला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत औषधांच्या याद्या आहेत. काही औषधं साध्या फोनवर सांगता येतात, काही पहिल्या भेटीत डॉक्टरने व्हिडिओवर पाहिलं तरच, आणि अंमली व गुंगीच्या वर्गातली दुरून अजिबात नाहीत. जेवढं कमी दिसतं तेवढं कमी लिहून द्यायचं, असा सरळ हिशेब.

मामांचा दुसरा ईसीजी अकरा वाजून दहा मिनिटांनी आला. या वेळी चौकटी चौकोनी होत्या आणि पहिल्या पट्टीतल्या लाटा वर तोंड करून उभ्या होत्या. तरीही मित्राने "घरी न्या" म्हटलं नाही. एक चांगला आलेख झटका नसल्याची खात्री देत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा काढा, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासा, रात्रभर ठेवून घ्या, असं त्याने तिथल्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं आणि मग तो जेवायला गेला.

पुढचे तीन ईसीजी तिथल्या सिस्टरने काढले. मामा म्हणतात, बाई बोटांनी बरगड्या मोजत होती, ओठांतल्या ओठांत, एक, दोन, तीन. आणि वाट्या चिकटेनात म्हणून तिने छातीच्या डाव्या बाजूला वस्तरा फिरवला. उजवी बाजू तशीच. दोन महिने मामांनी बनियनशिवाय अंगणात पाऊल टाकलं नाही.