नडगीवरचा डाग आणि बाळाची कावीळ

माझ्या भाचीला भाऊ झाला. तिसऱ्या दिवशी बाळाला कावीळ आहे म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि ही आठ वर्षांची पोर रात्रभर रडली. तिच्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा काविळीने गेले होते. घरच्यांनी समजूत काढली, "काही नाही गं, बाळ जरा पिवळं झालंय." कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही. अवघड शब्द मुलांना झेपत नाहीत असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. शब्द कितीही अवघड असू दे, त्यामागची वस्तू मुलांना दाखवता आली पाहिजे.

वस्तू तिच्याच पायावर होती. पाच दिवसांपूर्वी सायकलवरून पडून नडगीला मुका मार बसला होता. "रंग कसकसा बदलला?" मी विचारलं. आधी लालसर, मग काळानिळा, आता कडेने हिरवट. "आता बघ, दोन दिवसांत पिवळा होईल."

मार लागला की बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली सांडतं. ते साफ करायला आलेल्या पेशी तांबड्या रक्तपेशींमधलं हिमोग्लोबिन मोडतात. त्यातलं लोह काढून ठेवतात, ते पुन्हा वापरता येतं. उरलेल्या भागातून आधी बिलिव्हर्डिन बनतं, ते हिरवं. त्याचं पुढे बिलिरुबिन होतं, ते पिवळं. नडगीवरचा रंगांचा क्रम म्हणजे हीच मोडतोड, डोळ्यांना दिसणारी.

हे फक्त मार लागल्यावरच होतं असं नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख पेशी मोडीत निघतात. म्हणजे बिलिरुबिन रोजच तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन त्याला पाठीवर घेऊन यकृतापर्यंत नेतं. यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून विरघळण्याजोगं करतं, ते पित्तातून आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याचा रंग तपकिरी करतात. शीचा रंग येतो तो इथून. हे ऐकून भाची उठूनच बसली.

या वाटेवर कुठेही तुंबलं, की बिलिरुबिन रक्तात साचतं आणि डोळे, कातडी पिवळी दिसू लागते. म्हणजे कावीळ हे एका आजाराचं नाव नाही, ती खूण आहे. यकृताला विषाणूची लागण, पित्तनळीत अडकलेला खडा, पावसाळ्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप), कारणं निरनिराळी. तिने विचारलं, "बाळाला मी पिवळी दिसते का?" कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं हे वाक्य तिने आजीकडून ऐकलं होतं. तसं काही नसतं.

नवजात बाळाचं कारण साधं असतं. त्याच्या तांबड्या पेशी जास्त असतात आणि लवकर मोडतात. पोटात असताना त्याचं बिलिरुबिन वारेतून आईकडे जायचं, आता ते काम स्वतःच्या यकृताला करायचंय आणि यकृत अजून तयारीत नाही. पूर्ण दिवसांच्या दहांपैकी सुमारे सहा बाळं थोडीफार पिवळी होतात, बहुतेक आपोआप निवळतात. पण बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं आणि कायमची इजा करतं, म्हणून ते मोजायचं आणि गरज असेल तर दिवा लावायचा.

या दिव्याची गोष्ट मला फार प्रिय आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड ही परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असे. एका बाळाची कातडी फिकी झाली, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला तिकोनी तुकडा तेवढा पिवळाच राहिला. तिने तो डॉक्टरांना दाखवला. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५८ मध्ये निष्कर्ष छापले.

प्रकाश नेमकं काय करतो? बिलिरुबिनच्या रेणूत चार कड्या असतात, दोन-दोनच्या दोन पानांत, अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारख्या. रेणूचे पाण्याशी जुळणारे भाग आतल्या बाजूला हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतात, म्हणून तो पाण्यात विरघळत नाही. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश या रेणूने शोषला, की टोकाजवळच्या एका दुहेरी बंधाभोवती शेवटची कडी फिरते. बांधलेले बंध सुटतात, पुस्तक उघडतं, आतले भाग पाण्याला भेटतात. आता यकृताने काही जोडायची गरज नाही. रेणू सरळ पित्तात जातो, थोडा लघवीतूनही. सगळा रंग न मोडता, नुसता रेणूचा आकार बदलून.

घरी कोवळ्या उन्हात धरलं की भागतं, हा समज मात्र सोडायला हवा. उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि बाळ भाजू शकतं किंवा गारठू शकतं. पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ दूध ओढेना, तर तडक डॉक्टर गाठा. मोठ्यांची कावीळ 'उतरवणारे' तर अजून गावोगाव आहेत. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं. ती साल आणि चुना यांची रासायनिक क्रिया, शरीरातून काहीच निघालेलं नसतं. विषाणूची साधी कावीळ बहुधा काही आठवड्यांत बरी होतेच आणि श्रेय त्यांना मिळतं. लेप्टोचा रुग्ण मात्र तेवढ्या दिवसांत दगावू शकतो.

दोन दिवसांनी बाळ घरी आलं. भाचीची नडगी तोवर पिवळी झाली होती. तिने बाळाचा पहिला लंगोट स्वतः पाहिला. जिवाणू अजून पोटात नीट वसलेले नसतात, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या शीमध्ये बिलिरुबिन पिवळंच राहतं, हे मी सांगून ठेवलं होतं. ती आत जाऊन आईला म्हणाली, "बाहेर पडतंय."